कॅमेऱ्यात दिसणाऱ्या जागेचा मालक कोण?

जुने गोवे येथील संरक्षित स्मारकांपासून १०० मीटरच्या आत नवे बांधकाम करण्यास कायद्याने बंदी आहे. प्राचीन स्मारकांचा कायदा १९५८ चा. २०१० सालच्या दुरुस्तीने ही हद्द थेट कायद्याच्या कलमात आली आणि तिच्यापुढचा आणखी २०० मीटरचा पट्टा नियंत्रित क्षेत्र ठरला. या हद्दीवरून जुन्या गोव्यात काय काय घडले, किती मोर्चे निघाले, किती प्रकरणे न्यायालयाच्या पायरीपर्यंत गेली, हे गोमंतकीय वाचकाला नव्याने सांगण्याची गरज नाही. मात्र याच १०० मीटरच्या आत, सेंट ऑगस्टीनच्या भग्न मनोऱ्याला अगदी खेटून, कोणीही आज दहा मजली इमारत उभी करू शकतो. पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याची परवानगी नको, पंचायतीचा ना हरकत दाखला नको, नगरनियोजन खात्याकडे फाईल नको. अट एवढीच, की ती इमारत केवळ मोबाईलच्या पडद्यावर दिसली पाहिजे.

हा शब्दांचा खेळ वाटणे स्वाभाविक आहे. मोबाईलमधील चित्र म्हणजे इमारत नव्हे, आणि चित्र काढायला परवानगी लागत नाही. तथापि ऑगमेंटेड रिॲलिटी, म्हणजेच संवर्धित वास्तव, या नावाने ओळखले जाणारे तंत्र साध्या चित्रापेक्षा एका बाबतीत वेगळे आहे. त्यातील वस्तू जागेला चिकटते. पाहणारा दोन पावले उजवीकडे सरकला तर तिची दुसरी बाजू दिसते, तो मागे गेला तर ती लहान होते, आणि उद्या दुसरा कोणी त्याच ठिकाणी उभा राहिला तर त्यालाही ती तिथेच सापडते. चित्र पाहणाऱ्याच्या खिशात असते; ही वस्तू मात्र पत्त्यावर असते. त्या पत्त्याबाबत कोणाचा शब्द चालावा, हा प्रश्न गोव्यासारख्या जमिनीच्या इंचाइंचावर भांडणाऱ्या आणि पर्यटकांच्या कॅमेऱ्यांवर जगणाऱ्या राज्यात लवकरच उभा राहणार आहे.

हे तंत्र चालते कसे, ते थोडे तपशिलात पाहायला हवे. कारण मालकीचा प्रश्न त्याच्या यंत्रणेतच दडलेला आहे. मोबाईलचा कॅमेरा सेकंदाला ३० किंवा ६० चित्रे घेतो. साठच्या हिशेबाने प्रत्येक चित्रासाठी साधारण १७ मिलिसेकंद मिळतात, आणि सगळे काम तेवढ्यात उरकावे लागते. प्रथम त्या चित्रातील ठळक बिंदू शोधले जातात: खिडकीचा कोपरा, दगडांची सांध, फरशीवरचा डाग. पुढच्या चित्रात तेच बिंदू किती सरकले यावरून कॅमेरा कुठे, कसा हलला याचे गणित मांडले जाते. त्या गणिताला मोबाईलमधील गती आणि कल मोजणाऱ्या संवेदकांची जोड मिळते. त्यातून जमीन कुठे आहे, भिंत कुठे आहे हे यंत्राला उमगते. मग आभासी वस्तू त्या जमिनीवर ठेवली जाते, भोवतालच्या उजेडाप्रमाणे तिच्यावर सावली चढवली जाते, आणि तिच्या पुढ्यातून माणूस गेला तर तिचा तेवढा भाग झाकला जातो. हे शेवटचे काम सर्वांत अवघड. मनोऱ्यामागे असायला हवी ती वस्तू मनोऱ्यापुढे तरंगू लागली, की डोळा क्षणात फसवणूक ओळखतो.

आणखी एक अडचण असते, आणि तीच महत्त्वाची. वस्तू नेमकी या मनोऱ्यालाच चिकटवायची तर पाहणारा नेमका कुठे उभा आहे हे कळले पाहिजे. उपग्रहाधारित जीपीएस मोबाईलला काही मीटरच्या फरकाने स्थान सांगते. गाडी चालवायला ते पुरते, मनोऱ्याच्या कमानीत कमान बसवायला पुरत नाही. त्यासाठी कॅमेऱ्याला दिसणारे दृश्य आधी करून ठेवलेल्या त्रिमितीय नकाशाशी ताडून पाहावे लागते. म्हणजे ती जागा कोणीतरी आधी सर्व बाजूंनी टिपून ठेवलेली असावी लागते. हा नकाशा ज्याच्याकडे, त्या जागेवर काय दिसेल हे ठरवण्याची किल्लीही त्याच्याच हाती.

दूरचित्रवाणीने यातील बऱ्याच गोष्टी फार पूर्वी करून दाखवल्या. २७ सप्टेंबर १९९८ रोजी अमेरिकन फुटबॉलच्या एका सामन्यात ईएसपीएन वाहिनीने मैदानावर प्रथमच एक पिवळी रेषा दाखवली. चेंडू कुठवर न्यायचा आहे ते सांगणारी ही रेषा प्रत्यक्ष मैदानावर नव्हती. मैदानाचा उंचसखल आकार आधी मोजलेला होता, कॅमेरा किती वळला हे सांगणारे संवेदक त्याला जोडलेले होते, आणि हिरव्या रंगाच्या कोणत्या छटा गवताच्या व कोणत्या गणवेशाच्या हे यंत्राला शिकवलेले होते. त्यामुळे रेषा खेळाडूंच्या अंगावर न येता पायांखाली राहिली. प्रेक्षकांना ती इतकी आवडली की आज तिच्याविना तो खेळ पाहणे अनेकांना जमत नाही. तिने कोणाचे काही बिघडवले नाही. खेळातच असलेली, पण डोळ्यांना न दिसणारी एक गोष्ट तिने दाखवली, इतकेच.

सव्वा वर्षाने, ३१ डिसेंबर १९९९ च्या रात्री, त्याच जातीच्या तंत्राचा दुसरा उपयोग झाला. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधून नववर्षाचे थेट वार्तांकन करताना सीबीएस वाहिनीने पार्श्वभूमीला दिसणारा प्रतिस्पर्धी एनबीसीचा भव्य पडदा आपल्या बोधचिन्हाने झाकून टाकला. चौकात उभ्या असलेल्या माणसाला एक दिसत होते आणि घरी बसलेल्या प्रेक्षकाला दुसरे. तेही बातमीत. वाहिनीचे ज्येष्ठ वृत्तनिवेदक डॅन रॅदर यांनी पुढे ही चूक असल्याचे मान्य केले. वस्तू जोडणे आणि वस्तू झाकणे या दोन निराळ्या क्रिया नाहीत, हे त्या रात्रीने दाखवून दिले. जे तंत्र रिकाम्या जागी काही उभे करू शकते, ते उभे असलेले पुसूही शकते.

आज फुटबॉलच्या प्रक्षेपणात हे नित्याचे झाले आहे. जर्मनीच्या बुंडेसलिगासारख्या स्पर्धांत मैदानाकडेच्या फलकांवर एका देशातील प्रेक्षकाला एक जाहिरात दिसते आणि त्याच क्षणी दुसऱ्या देशातील प्रेक्षकाला वेगळी. गोव्यातील फुटबॉलप्रेमींनी हे पाहिलेही असेल, कळले नसेल एवढेच. यातला जाहिरातींचा भाग किरकोळ आहे. एकाच जागेचे दृश्य आता सर्वांना समान असण्याची हमी उरलेली नाही, हे मात्र किरकोळ नाही. रस्त्यावरचा आक्षेपार्ह फलक सगळे पाहतात, त्यामुळे त्याविरुद्ध तक्रार करता येते आणि पंचनामाही होतो. आभासी फलक ज्याला दिसला त्यालाच दिसला. तक्रार करायची तर पुरावा म्हणून दाखवणार काय?

हा प्रश्न भारतात आधीच एकदा न्यायालयात गेला आहे. २०१६ च्या जुलैत ‘पोकेमॉन गो’ हा खेळ आला आणि जगभरातील माणसे मोबाईल हातात धरून रस्त्यांवर, बागांत, स्मशानांतही आभासी प्राणी शोधू लागली. वॉशिंग्टनचे होलोकॉस्ट स्मारक संग्रहालय आणि पोलंडमधील ऑशविट्झ स्मारक यांना आपल्या आवारात हे नको, असे जाहीरपणे सांगावे लागले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गुजरात उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. खेळात मिळणारी अंडी मंदिरांच्या आणि जैन देरासरांच्या जागी दिसतात, त्याने श्रद्धा दुखावते, असे याचिकेचे म्हणणे होते. न्यायालयाने कंपनीला व सरकारला नोटिसा काढल्या. गंमत अशी, की त्या वेळी हा खेळ भारतात अधिकृतपणे आलेलाही नव्हता. तो डिसेंबरात आला. याचिकेची काहींनी थट्टा केली. पडद्यावरचे अंडे ते काय, आणि त्याने विटाळ कसला! परंतु याचिकेच्या मुळाशी असलेला प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. देवळाच्या आवारात काय असावे आणि काय नसावे हे ठरवणारी समिती असते, महाजन असतात, रूढी असते, कायदाही असतो. यांपैकी कोणाचेही मत न घेता दूरदेशीच्या एका कंपनीच्या यादीने ते ठरवले होते.

अमेरिकेत याच खेळावर घरमालकांनी दावा लावला. अनोळखी माणसे अंगणात शिरू लागली होती. २०१९ साली तडजोड झाली. स्वतंत्र घराच्या ४० मीटरच्या आत खेळाचे ठिकाण असल्याची तक्रार मालकाने केली, तर कंपनीने साधारण १५ दिवसांत तिचा निपटारा करण्याचा प्रयत्न करावा, असे ठरले. आभासी वस्तूसाठी प्रत्यक्ष अंतराची हद्द आखून देणारी ही दुर्मीळ उदाहरणांपैकी एक. भारतात दगडाच्या स्मारकाला १०० मीटर मिळतात. त्याच्या आभासी अवकाशाला एकही नाही.

यावर सरकारी परवान्याचा उपाय चटकन सुचतो. विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी परगण्याने २०१७ मध्ये तो करून पाहिला. सार्वजनिक उद्यानांत असे खेळ चालवायचे तर परवाना घ्या, असा नियम काढला. एका खेळ बनवणाऱ्या कंपनीने त्याला आव्हान दिले आणि संघराज्य न्यायालयाने अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधारे नियमाच्या अंमलबजावणीस स्थगिती दिली. त्याआधी ‘स्पायडर-मॅन’ चित्रपटात टाइम्स स्क्वेअरच्या इमारतींवरचे फलक संगणकाने बदलले म्हणून इमारतमालक न्यायालयात गेले होते. त्यांचा दावाही २००२ मध्ये फेटाळला गेला. अमेरिकेचा कायदा आपल्याला लागू नाही हे खरे, आणि आपल्या राज्यघटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात स्वातंत्र्यासोबत वाजवी निर्बंधांची तरतूदही आहे. तरीही परवाना पद्धतीतील धोका गोव्याने ओळखायला हवा. एखाद्या डोंगरावर मेगा प्रकल्प येणार असेल, तर तो बांधून झाल्यावर कसा दिसेल हे ग्रामस्थांना ग्रामसभेच्या दिवशी त्याच डोंगराकडे मोबाईल रोखून दाखवणे या तंत्राने शक्य आहे. आराखड्याच्या निळ्या रेषा वाचता न येणाऱ्या माणसालाही ते एका क्षणात कळेल. आभासी वस्तूसाठी सरकारची परवानगी सक्तीची केली, तर सर्वांत आधी परवानगी नाकारली जाईल ती याच वस्तूला.

तेव्हा बंदी हा मार्ग नव्हे. लक्ष द्यायला हवे ते नकाशाकडे, कारण सत्ता तिथे एकवटते आहे. ‘पोकेमॉन गो’ बनवणाऱ्या नियांटिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केले, की खेळाडूंनी व इतर वापरकर्त्यांनी टिपलेल्या दृश्यांच्या आधारे ती भौगोलिक अवकाश समजणारे एक विशाल प्रारूप तयार करत आहे. जगभरातील सुमारे एक कोटी ठिकाणे टिपून झाली असल्याचे तिनेच सांगितले. पुढे २०२५ मध्ये तिने खेळांचा व्यवसाय साडेतीन अब्ज डॉलरना विकून टाकला आणि नकाशाचे काम मात्र नव्या नावाने स्वतःकडे राखले. खेळ विकला, जागा ठेवल्या. कशाचे मोल अधिक, हे त्या व्यवहारातच दिसते.

भारताने या बाबतीत काही विचार केलेला आहे. १५ फेब्रुवारी २०२१ च्या भूस्थानिक मार्गदर्शक सूचनांनुसार, आडव्या मापात एक मीटर आणि उभ्या मापात तीन मीटर यांहून अधिक बारीक अचूकतेचा विदा केवळ भारतीय संस्थांनाच तयार करता व बाळगता येतो, आणि रस्त्यारस्त्याने फिरून दृश्ये टिपण्याचे कामही त्यांच्यासाठीच राखीव आहे. म्हणूनच २०२२ मध्ये गूगलने स्ट्रीट व्ह्यू पुन्हा आणले ते भारतीय कंपन्यांनी जमवलेल्या दृश्यांच्या बळावर. परंतु या सूचनांचा रोख नकाशे बनवणाऱ्या कंपन्यांकडे आहे. बासिलिकेसमोर उभा राहून खेळातील बक्षिसासाठी कमानीभोवती मोबाईल फिरवणारा पर्यटकही नकाशाच बनवत असतो, आणि त्याला स्वतःला ते ठाऊक नसते. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचा इथे आधार नाही. तो व्यक्तींच्या माहितीचे रक्षण करतो, आणि कमान ही व्यक्ती नव्हे. दरम्यान हातातला मोबाईल डोळ्यांवर सरकू लागला आहे. ॲपलने २०२४ मध्ये विक्रीस आणलेल्या व्हिजन प्रो या उपकरणात माणूस समोरचे जग काचेतून पाहतच नाही. कॅमेऱ्याने टिपलेले जग १२ मिलिसेकंदांत पडद्यावर येते, असा कंपनीचा दावा आहे. मेटाचे कॅमेरायुक्त चष्मे मे २०२५ पासून भारतात अधिकृतपणे विकले जातात.

आता पुन्हा सेंट ऑगस्टीनच्या मनोऱ्याकडे येऊ. कारण या राज्यात हे तंत्र प्रथम मोठ्या प्रमाणावर येईल ते वारशाच्या वाटेने, आणि बहुधा सरकारी पैशाने. १६०२ मध्ये पूर्ण झालेली ही वास्तू ऑगस्टिनियन संघाला गोवा सोडावा लागल्यावर १८३५ पासून ओस पडली. १८४२ मध्ये तिचे छत कोसळले, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा. उरला आहे तो सुमारे ४६ मीटर उंचीचा जांभ्या दगडाचा सुळका. मोबाईल धरताच पडलेले चर्च पुन्हा उभे राहावे, यापेक्षा मोहक कल्पना पर्यटन खात्याला कोणती सुचणार? ती सुचावीही. पण त्या आभासी चर्चमधील किती भाग पुराव्यावर उभा आहे आणि किती कलाकाराच्या अंदाजावर, हे पाहणाऱ्याला कोण सांगणार? कागदावरच्या चित्रात अंदाजाची रेषा तुटक काढण्याची प्रथा आहे. सजीव दृश्यात बसवलेल्या, सावली पडणाऱ्या भिंतीला तुटक रेषा नसते. खरे दगड आणि अंदाजाचे दगड एकाच उन्हात उभे राहतात.

चर्चच्या बाबतीत निदान काही आधार आहेत. मंदिरांच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक होतो. पोर्तुगीजांनी पाडलेल्या मंदिरांच्या पुनर्उभारणीसाठी राज्य सरकारने २०२२ च्या अर्थसंकल्पात २० कोटींची तरतूद केली होती. प्रत्यक्ष बांधकामाला जमीन लागते, वाद होतात, वर्षे जातात. आभासी मंदिर मात्र काही आठवड्यांत त्याच जागेवर उभे करता येते. सोळाव्या शतकात जमीनदोस्त झालेल्या आणि ज्याचे चित्र वा आराखडा हाती नाही अशा देवळाचे शिखर कसे होते? तांबडी सुर्लाच्या महादेव मंदिरासारखे, की आणखी कसे? उत्तर माहीत नसताना पडद्याला उत्तर द्यावेच लागते, कारण रिकाम्या जागेचे पैसे कोणी देत नाही. आणि एकदा हजारो पर्यटकांनी ते शिखर पाहिले, त्याची छायाचित्रे काढली, की पुढच्या पिढीसाठी तोच पुरावा ठरतो. जुन्या गोव्यातील हात कातरो खांबाचेही असेच. लोकस्मृती त्याच्याशी इन्क्विझिशनच्या क्रौर्याची कथा जोडते. कागदपत्रांच्या अभ्यासकांचे मत एकसारखे नाही. त्या खांबावर तरंगणाऱ्या पाटीवर कोणते वाक्य असावे? स्मृतीला जागा मिळायलाच हवी, पण स्मृती म्हणून. इतिहास म्हणून जे लिहायचे त्यावर सही कोणाची, हेही पाटीवर दिसले पाहिजे.

या प्रश्नाला जगातील वारसा अभ्यासकांनी नियम आखलेले आहेत. २००९ ची लंडन सनद आणि त्यानंतरची सेव्हिलची तत्त्वे या दोहोंचा आग्रह असा, की संगणकाने उभ्या केलेल्या प्रत्येक पुनर्रचनेत काय ज्ञात आहे, काय तर्काने ठरवले आहे आणि तो तर्क कोणता, हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. निविदेत चार ओळी लिहिल्या तरी पुरे: अंदाजाचा भाग वेगळ्या रंगात किंवा पारदर्शक दाखवावा, आधार मराठी, कोकणी व इंग्रजीत द्यावेत, आणि टिपलेल्या त्रिमितीय नकाशाची संपूर्ण प्रत राज्याच्या पुराभिलेख खात्याकडे जमा करून कंत्राटदाराला तिचा अन्यत्र वापर करण्यास मनाई असावी. शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची, आणि घाईत नेमकी तीच सुटण्याची शक्यता अधिक. कंत्राटदाराला स्मारक टिपण्याचे पैसेही आपण द्यायचे आणि नकाशाही त्याच्याकडेच राहू द्यायचा, असा व्यवहार होऊ शकतो.

खासगी कंपन्यांच्या आभासी वस्तूंबाबत राज्याचे हात तोकडे आहेत, पण अगदीच बांधलेले नाहीत. देवळे, चर्च, मशिदी, दफनभूमी, स्मशाने आणि शाळा यांची हद्दीसह यादी पंचायती व पालिकांकडून तयार करून ती यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात प्रसिद्ध करता येईल. तक्रार आल्यास ठरावीक मुदतीत वस्तू हटवावी, एवढी अट घालण्यासाठी परवाना पद्धत लागत नाही; अमेरिकेतल्या घरमालकांनी १५ दिवसांची मुदत मिळवली ती तक्रारीच्याच मार्गाने. सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या शवप्रदर्शनाचा सोहळा दर दहा वर्षांनी होतो. गेला सोहळा ५ जानेवारी २०२५ रोजी संपला, आणि तेव्हा भाविकांच्या हातांत मोबाईल होते. पुढच्या सोहळ्यात त्यांच्यातील अनेकांच्या डोळ्यांवर चष्मे असतील. रांगेत उभे असताना त्या चष्म्यांतून बासिलिकेच्या भिंतीवर काय दिसावे, हे ठरवायला नऊ-दहा वर्षे हाती आहेत. जमा करायच्या नकाशाची अट मात्र पुढच्या निविदेतच यावी लागेल.